अ‍ॅम्टगार्ड: क्लास कोणता घ्यावा, आणि घेतलेला बदलावा का?

ढालकाठी

लार्पच्या (पोशाख करून, पात्र बनून प्रत्यक्ष मैदानात खेळायच्या खेळांच्या) जुन्या गप्पांमध्ये अ‍ॅम्टगार्ड खेळणारे इथे बरेच आहेत असं दिसलं, म्हणून त्यातल्या एकाच मुद्द्यासाठी हा धागा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: अ‍ॅम्टगार्ड १९८३ मध्ये टेक्सासातल्या एल पासोत सुरू झाला. आठवड्यातून एकदा सार्वजनिक बागेत जमायचं, जुन्या काळचा किंवा काल्पनिक पोशाख करायचा आणि फोमच्या हत्यारांनी लढायचं. वार धडावर बसला की मेलात. हातावर किंवा पायावर बसला की तो अवयव निकामी, आणि दुसरा अवयव गेला की मेलातच. डोकं आणि मान यांवर मारायचं नाही.

यावर क्लासची रचना. क्लास म्हणजे मैदानात तुम्ही कोणत्या प्रकारचे लढवय्ये किंवा मंत्रवाले ते. वॉरियर, बार्बेरियन, स्काउट, मंक, असॅसिन, आर्चर हे हत्यारवाले. विझर्ड, हीलर, ड्रूइड, बार्ड हे मंत्रवाले. पॅलाडिन आणि अँटी-पॅलाडिन नवख्यांच्या हिशेबात धरत नाही. प्रत्येक क्लासच्या सहा पातळ्या आहेत. हजेरी लावताना ज्या क्लासचं नाव लिहाल त्याच्या खात्यात त्या दिवसाचं क्रेडिट जमा होतं. ५ क्रेडिटला दुसरी पातळी, १२ ला तिसरी, २१ ला चौथी, ३४ ला पाचवी आणि ५३ ला सहावी.

माझं मत असं की नवख्याने एक क्लास पकडावा आणि सहावी पातळी येईपर्यंत सोडू नये. दर आठवड्याला न चुकता गेलं तरी ५३ क्रेडिट व्हायला वर्षाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात धरसोड केली की हातात काहीच राहत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि बदलायचाच झाला तर कधी आणि कसा?

तिरकमठा

असहमत. तुमचेच आकडे घ्या. पातळ्यांमधली अंतरं ५, ७, ९, १३, १९ अशी वाढत जातात. म्हणजे शेवटच्या एका पातळीसाठी १९ आठवडे. तिसऱ्या पातळीला १२ क्रेडिट पुरतात, म्हणजे चार क्लास तिसऱ्या पातळीला नेले तरी ४८ च होतात. एका क्लासची सहावी पातळी गाठायला लागतात त्याहून पाच कमी. पहिल्या वर्षी चार क्लास आतून कळणं जास्त मोलाचं आहे, कारण समोरचा विझर्ड काय करू शकतो हे विझर्ड खेळल्याशिवाय नीट समजत नाही. शिवाय जुनी क्रेडिटं कुठे जात नाहीत. दोन वर्षांनी परत आलात तरी त्या क्लासच्या खात्यात तशीच असतात.

कोकमसरबत

तिरकमठा यांना +१. ४८ चा हिशेब पहिल्यांदाच लक्षात आला.

गोफण

पातळ्यांचं गणित नंतर. आधी हे बघा की लढाईत कुठे उभं राहायला आवडतं: रांगेच्या पुढे, टोकाला, की मागे.

पुढे वॉरियर आणि बार्बेरियन. टोकावरून वळसा घालून पाठीमागे पोचणारे असॅसिन, स्काउट आणि मंक. मागे आर्चर आणि बहुतेक मंत्रवाले. नवखा माणूस नियमपुस्तक उघडतो आणि सहाव्या पातळीची क्षमता वाचून क्लास ठरवतो. ती क्षमता वर्षभर मिळणार नसते. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या ओळी वाचा, पहिले तीन महिने तेवढ्यावरच काढायचे आहेत.

दुसरी गोष्ट अंगावरचं ओझं. वॉरियरचा खरा फायदा चिलखत आणि मोठी ढाल यांत आहे. पोलादी कड्यांचं बाह्यांचं चिलखत दहा किलोच्या आसपास जातं. टेक्सासच्या उन्हाळ्यात, ३८ अंशांत, ते घालून तीन तास धावायची तयारी नसेल तर निम्मा क्लास घरीच राहिला. अ‍ॅल्युमिनियमची कडी हलकी असतात, पण चिलखताचे गुण साहित्य आणि जाडी बघून ठरतात, तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या पार्कच्या (स्थानिक गटाच्या) चँपियनला विचारा. हत्यारं आणि सामान तपासणं हे त्याचंच काम. चिलखत खांद्यांवर लोंबकळू देऊ नका. कमरेला रुंद पट्टा घट्ट बांधून वरचं थोडं बाहेर ओढून घ्या, म्हणजे अर्धा भार कमरेवर येतो.

मंकला चिलखत नाही, ढालही नाही. पण येणारे बाण आणि फेकलेली हत्यारं तो हत्याराने अडवू शकतो. पाय चपळ असतील तर स्वस्तातला आणि फार गुणी क्लास.

आर्चरला खर्च सगळ्यात जास्त. धनुष्य २८ इंचांच्या ओढीला ३५ पौंडांपर्यंतच चालतं, आणि प्रत्येक बाणाचं फोमचं टोक खेळाआधी तपासलं जातं. गवतात बाण हरवतात, पायाखाली येतात. डझनभर बाण नसतील तर सुरुवात करू नका.

एवढं सगळं धरून माझं उत्तर: पहिला क्लास वॉरियर. लक्षात ठेवायच्या क्षमता कमी, म्हणून सगळं लक्ष वार आणि बचाव शिकण्याकडे देता येतं.

शुभ्रा_एन

गोफण, तुमचा प्रतिसाद उत्तम आहे, पण "पहिला क्लास वॉरियर" हे सरसकट सांगू नका. ज्यांना धावणं झेपत नाही, गुडघे दुखतात, किंवा लढाईपेक्षा डावपेच आवडतात अशांना वॉरियर दिला की ते चौथ्या आठवड्यात यायचे बंद होतात. त्यांच्यासाठी हीलर. फक्त त्याची तयारी घरून करून यावी लागते.

मंत्रवाल्यांना प्रत्येक पातळीचे ५ गुण मिळतात आणि त्यांतून मंत्र विकत घ्यायचे. पहिल्या पातळीला एकूण ५, तिसरीला १५, सहावीला ३०. वरच्या पातळीचे गुण खालच्या पातळीवर खर्च करता येतात, उलटं नाही. जादा हत्यार किंवा ढाल हवी असेल तर तीही याच गुणांतून. इथेच नवख्यांचं गणित फसतं. सगळे गुण मंत्रांवर घालतात, हातात काही राहत नाही, आणि पहिला असॅसिन येऊन कापून जातो. पहिल्या पातळीच्या हीलरने बचावाची सोय आधी बघावी, मग उरलेल्यात मंत्र.

मंत्र म्हणताना पाय हलवायचे नाहीत. शब्द स्पष्ट आणि मोठ्याने, ज्याच्यावर मंत्र टाकायचा त्याला नीट ऐकू गेले पाहिजेत. बहुतेक मंत्रांचा पल्ला २० फूट. शब्द चुकला की पहिल्यापासून. जखम बरी करण्याचा मंत्र अनेक ओळींचा आहे, आणि तो म्हणेपर्यंत तुम्ही एका जागी खिळलेले असता. म्हणून जखमी माणसाला आधी रांगेच्या दहा पावलं मागे बोलवा आणि मग सुरू करा. जागेवरच सुरू केलं तर दोघेही जातात.

हिरवा_कंदील

लहानपणी रामरक्षा एका दमात म्हणणाऱ्यांनी थेट हीलर घ्यावा. अर्धी तयारी आजीने करून घेतलेली आहे. :)

शुभ्रा_एन

हिरवा_कंदील, गंमत सोडा, पाठांतराची पद्धत खरंच तीच. फक्त सराव उभं राहून आणि मोठ्याने करा. बसून पाठ केलेला मंत्र मैदानात धाप लागलेली असताना हमखास अडखळतो. चार जिने चढून लगेच म्हणून बघा. तेव्हा न चुकता आला तर तो तुमचा झाला.

राईनकाठ

जर्मनीतून थोडा वेगळा सूर लावतो. इथल्या बऱ्याच लार्पमध्ये क्लास ही गोष्टच नसते. तत्त्व असं की तुला जे वठवता येतं, तेच तुझ्या पात्राला येतं. गुण नाहीत, पातळ्या नाहीत. २००४ पासून ब्रोकेलोहला भरणारं कॉनक्वेस्ट ऑफ मिथोडेया हे हजारो लोकांचं शिबिर आहे. तिथे नवखा महाजादूगार बनून आला आणि तसं वागणं-बोलणं जमलं नाही, तर समोरचे त्याला महाजादूगार मानतच नाहीत.

अशा ठिकाणी क्लास बदलणं म्हणजे सामान बदलणं. वैद्य व्हायचं असेल तर पट्ट्या, खोट्या रक्ताची बाटली, सुई-दोऱ्याची पेटी, औषधांच्या कुप्या, आणि जखमेशी दहा मिनिटं बसायची चिकाटी. माणूस समोर विव्हळतोय आणि वैद्य "झालास बरा" म्हणून निघून गेला, तर त्याच्याकडे पुन्हा कोणी येत नाही.

सेव्हर्न

अवांतर, पण संबंधित. इंग्लंडमध्ये २०१३ पासून एम्पायर चालतो. तिथेही क्लास नाहीत, पण गुण आहेत. सुरुवातीला ८, आणि प्रत्येक मेळाव्यागणिक एकाची भर. त्यांतून कौशल्यं घ्यायची. त्यामुळे तिथे क्लास बदलणं असं नसतं, हळूहळू दुसऱ्या वाटेला वळणं असतं. लढवय्याने पुढचे गुण वैद्यकीवर घातले की काही मेळाव्यांनी तो जखमी लोकांकडे धावणारा लढवय्या होतो. खरा मोठा निर्णय राष्ट्राचा. दहा राष्ट्रं आहेत आणि प्रत्येकाचा पोशाख, बोलणं, रीत वेगळी. राष्ट्र बदलता येतं, पण ते खेळाच्या आत घडवून आणावं लागतं, फॉर्मवर खूण करून नाही.

तिरकमठा

सेव्हर्न, हा प्रकार छान वाटतो. पण ८ गुणांत नवखा गोंधळत नाही का? अ‍ॅम्टगार्डमध्ये निदान कोणत्या रांगेत उभं राहायचं ते क्लास सांगतो.

सेव्हर्न

गोंधळतो. म्हणूनच जुने लोक सांगतात की आधी गट शोधा, मग गटाला काय कमी आहे ते विचारा, आणि गुण त्यावर घाला. अ‍ॅम्टगार्डलाही हे लागू पडेल. पंधरा जणांच्या बाजूत सहा विझर्ड असतील तर सातवा होऊ नका.

न्यूजर्सीकर

क्लास म्हणजे काय हेच प्रत्येक लार्पमध्ये वेगळं आहे, त्यामुळे "बदलावा का" चं उत्तरही वेगळं येतं. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेला नीरो आणि त्याच्या वळणाचे लार्प घ्या. तिथे फायटर, रोग, स्कॉलर, टेंप्लर वगैरे क्लास हे मुळात दरपत्रक आहेत. तीच तलवारबाजी फायटरला स्वस्त, स्कॉलरला महाग. मंत्रांचं उलट. म्हणजे मधेच क्लास बदलला तर आधी घेतलेल्या प्रत्येक कौशल्याची किंमत नव्या दराने मोजायची, आणि फायटरचा स्कॉलर करताना विकत घेतलेली तलवारबाजी अचानक अवाच्या सवा होते. तिथे ढालकाठी यांचं "एक धरा, सोडू नका" बरोबर आहे. अ‍ॅम्टगार्डमध्ये प्रत्येक क्लासचं खातं स्वतंत्र आहे, तिथे नाही.

नीरोच्या वळणाच्या खेळात नवख्याने पहिल्याच दिवशी सगळे गुण खर्च करू नयेत. थोडे हातचे ठेवा, एक मेळावा खेळा, मग ठरवा. आणि मंत्रवाला होणार असाल तर पॅकेट, म्हणजे मंत्र टाकताना फेकायच्या पुरचुंड्या, घरूनच करून न्या. पातळ सुती कापडाचे सहा इंची चौकोन, मधोमध एक चमचाभर बारीक पक्ष्यांचं खाद्य, पुरचुंडी करून घट्ट रबरबँड, आणि मागे कापडाची शेपटी मोकळी. जास्त भरलं तर दगडासारखं लागतं, कमी भरलं तर वाऱ्यावर जातं. फुटलं तरी दाणे पक्षी खातात, मैदान घाण होत नाही. पहिल्या मेळाव्याला तीसेक पॅकेट असू द्या, कारण लढाई चालू असताना टाकलेली वेचायला वेळ मिळत नाही.

व्हँपायरच्या लार्पमध्ये तर कुळ बदलण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या कुळात ओढले गेलात ते कायमचं. बदल हवा असेल तर नवं पात्र.

मी_मावळा

नवीन आहे, प्रश्न साधा वाटला तर समजून घ्या. मला मावळा व्हायचंय. त्यासाठी कोणता क्लास?

गोफण

मी_मावळा, प्रश्न अगदी योग्य आहे. अ‍ॅम्टगार्डमध्ये तुम्ही कोण आहात ती व्यक्तिरेखा वेगळी आणि क्लास वेगळा. अंगरखा, चोळणा, कमरेला शेला, डोक्याला मुंडासं ही तुमची व्यक्तिरेखा. ती तशीच ठेवून या आठवड्याला स्काउट आणि पुढच्या आठवड्याला वॉरियर खेळा, कोणी अडवणार नाही. माझ्या मते मावळ्याला स्काउट शोभतो, डोंगरातून अचानक येऊन घाव घालून निघून जाणारा.

पोशाखासाठी सुती किंवा लिनन घ्या, पॉलिस्टर नको, उन्हात भट्टी होते. मुंडासं डोक्याला घट्ट आवळून त्याचं टोक खोचा, लोंबतं टोक झटापटीत दुसऱ्याच्या हातात येतं. आणि क्लासचा रंगीत सॅश (ओळखीचा कापडी पट्टा) मुंडाशाला नाही, अंगावर स्पष्ट दिसेल असा. वॉरियरचा जांभळा, स्काउटचा हिरवा, विझर्डचा पिवळा, हीलरचा लाल. शेल्याचाच रंग क्लासच्या सॅशसारखा असेल तर समोरच्याची फसगत होते, तेव्हा शेला वेगळ्या रंगाचा निवडा.

क्लासला साजेसा पोशाख असेल तर प्रत्येक क्लासला एक छोटी जादा क्षमता मिळते. तेवढ्यासाठी तरी पोशाखाकडे लक्ष द्या.

मी_मावळा

आभारी आहे. दांडपट्टा चालेल का?

सुतारपक्षी

नेहमीचा दांडपट्टा नाही. लवलवणारं पातं फोमच्या खेळात बसत नाही, कारण वार कुठे आणि किती जोरात पडेल ते मारणाऱ्याच्याच ताब्यात राहत नाही. सरळ धोप करा. माप ३६ इंचांपर्यंत ठेवलंत तर ती शॉर्टमध्ये मोडते, त्यापुढे ४८ पर्यंत लाँग. कुठल्या क्लासला काय चालतं ते बघून लांबी ठरवा. क्लास बदलणाऱ्यांसाठी ३६ इंची तलवार सगळ्यात सोयीची, कारण ती बऱ्याच क्लासमध्ये बरोबर नेता येते.

कृती: फायबरग्लासची पोकळ नळी किंवा गोल्फच्या काठीची ग्रॅफाइट दांडी. आधी ८० नंबरच्या सँडपेपरने सगळी खरवडा. हे टाळलं की महिन्याभरात फोम दांडीभोवती गरागरा फिरायला लागतो आणि तलवार बाद होते. दांडीच्या टोकाला रबरी टोपण घालून वर टेप, नाहीतर दांडी फोम फाडून बाहेर येते. फोम बंद पेशींचा, अर्ध्या इंची, कॅम्पिंगच्या चटईचा. काँटॅक्ट सिमेंट दोन्ही पृष्ठभागांवर लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबा. ओलं असतानाच चिकटवलं की आत बुडबुडे राहतात आणि तिथूनच थर सुटतो. वार बसणारा भाग अडीच इंच रुंद भरला पाहिजे. टोकाशी दांडीच्या पुढे निदान दोन-तीन इंच नुसता फोम. वरून शिवलेली कापडी खोळ.

तपासणी घरी करून या. अंगठ्याने जोर देऊन सगळीकडे दाबा. आतली दांडी कडक लागली की त्या जागी फोम मेलाय, बदला.

ढालींचं माप चौरस फुटांत: लहान ३, मध्यम ५, मोठी ८. गोल ढाल करताना लोक सरळ २४ इंच व्यास घेतात, आणि ती ३.१४ चौरस फूट भरते, म्हणजे लहानमधून बाद. २३ इंच घ्या. मध्यमसाठी ३० इंच (४.९१), मोठीसाठी ३८ (७.८८). आणि ही मापं कडेच्या फोमसकट धरा.

कोकमसरबत

२३ इंचांचा मुद्दा सोन्यासारखा. कडेचा फोम न मोजणारे तर हटकून अडकतात.

ढालकाठी

सगळे प्रतिसाद वाचले. न्यूजर्सीकर यांनी केलेली फोड पटली: खातं स्वतंत्र असेल तर बदल स्वस्त, दरपत्रक असेल तर महाग. तरी एक आग्रह कायम आहे. हत्यारवाल्यातून हत्यारवाल्यात जाणं वेगळं, आणि मंत्रवाल्यातून हत्यारवाल्यात जाणं वेगळं. तिसऱ्या पातळीचा विझर्ड वॉरियर होतो तेव्हा १२ क्रेडिट खात्यात राहिली तरी मैदानात तो पहिल्या पायरीवरच असतो. असा बदल करणाऱ्याने नक्की काय करावं?

गोफण

सवय वीस फुटांची असते, ती आधी मोडावी लागते. विझर्ड नकळत मागे सरकतो, आणि वॉरियर मागे सरकला की रांगेत भोक पडतं.

पहिले काही आठवडे क्लास बदलूच नका. हजेरी विझर्डच्या नावाने लावा आणि डिचमध्ये तलवार-ढाल घेऊन उतरा. डिच म्हणजे क्लासविना नुसती हत्याराची लढाई, दोन रांगा, पुन्हा पुन्हा. तिथे मंत्र नाहीत म्हणून विझर्ड असण्याने काही अडत नाही, हात मात्र तयार होतो. ढाल खांद्यापासून मांडीपर्यंत झाकेल अशी धरा, तिची वरची कड डोळ्यांच्या खाली. ढालीचा पाय पुढे. शेजाऱ्याच्या ढालीपासून हातभर अंतर, त्याहून जास्त नाही. पहिल्या दिवशी मारायला जाऊ नका, फक्त उभं राहा आणि अडवा. बहुतेक जण पुढचा पाय गमावतात कारण ढाल वरच्या वाराला उचलली जाते आणि खाली येत नाही. डोक्यावर वार येणारच नाही हे शरीराला पटायला वेळ लागतो.

तिरकमठा

इथे एक हरकत. विझर्ड लिहून दिवसभर नुसतं डिच खेळायचं आणि क्रेडिट विझर्डला घ्यायचं हे मला रुचत नाही. त्या दिवशी एक तरी बॅटलगेम, म्हणजे क्लाससकट खेळायची लढाई, त्या क्लासने खेळावा.

गोफण

रास्त आहे. सकाळी डिच, नंतरचा बॅटलगेम विझर्ड म्हणून, असंच करावं. एका खेळाच्या मध्ये क्लास बदलत नाहीत, त्यामुळे दोन्हींची सरमिसळही होत नाही.

शुभ्रा_एन

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी, म्हणजे वॉरियरचा हीलर: मंत्रांची यादी खेळाआधी लिहून जवळ ठेवायची असते आणि मध्ये बदलता येत नाही. दोन याद्या करून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, एक उघड्या मैदानातल्या लढाईसाठी, एक किल्ला राखायच्या खेळासाठी. खेळ कोणता आहे ते रीव्हने (पंचाने) सांगितलं की त्यातली एक काढा. घामाने शाई पसरते, तेव्हा पेन्सिलीने किंवा छापून.

मी_मावळा

म्हणजे माझ्यासाठी: हजेरी स्काउटच्या नावाने, ३६ इंची धोप, २३ इंची ढाल, हिरवा सॅश आणि शेला दुसऱ्या रंगाचा. बरोबर?

सुतारपक्षी

बरोबर. ढालीचे २३ इंच कडेच्या फोमसकट, म्हणजे लाकूड किंवा प्लास्टिक २१ इंचांचं कापा आणि भोवती एक-एक इंच फोम लावा. पट्टे बसवताना बोल्टची टोकं आतल्या बाजूला राहू द्या, त्यावर फोमचा तुकडा चिकटवा, नाहीतर पहिल्याच दिवशी कोपराजवळ सोलवटेल.

हिरवा_कंदील

आणि मुंडासं घट्ट!